पहाटेच्या धूमकेतूचा फोटो: पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांसाठी

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढताना सहसा वेळेची चणचण नसते. एक फोटो फसला तर दुसरा काढता येतो, ढग आले तर तासभर थांबता येतं. पहाटेच्या धूमकेतूचं तसं नाही. तो उगवतो, क्षितिजालगतच्या धुरकट हवेतून कसाबसा वर येतो, आणि तेवढ्यात झुंजूमुंजू व्हायला लागतं. या दोन्हींच्या मधे हाती लागतात जेमतेम वीस ते तीस मिनिटं.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सी/२०२३ ए३ (त्सुचिनशान-ॲटलास) हा धूमकेतू पहाटे पूर्वेला दिसत होता. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सर्वांत जवळून गेला. त्या सुमारास मी सलग तीन पहाटा गेले. पहिल्या दिवशी समोर टेकडी आडवी आली. दुसऱ्या दिवशी जागा बरोबर होती, पण पिशवीतून काढताना फोकसची रिंग हलली आणि सगळे फोटो पुसट आले. तिसऱ्या दिवशी मनासारखा फोटो मिळाला. त्या पहाटे जागेवर जाऊन मी वेगळं असं काहीच केलं नव्हतं. जे केलं ते आदल्या संध्याकाळी केलं होतं. म्हणून हा लेख निम्म्याहून अधिक आदल्या दिवसाबद्दलच आहे.

लागणारं सामान

- मॅन्युअल मोड असलेला आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणारी फाइल) देणारा कॅमेरा. डीएसएलआर असो की मिररलेस, दोन्ही चालतात.
- ३५ ते २०० मिमीच्या दरम्यानची एखादी लेन्स, शक्यतो एफ/२.८ किंवा त्याहून जास्त उघडणारी (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते).
- वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड. हलका असेल तर मधल्या दांड्याला पिशवी अडकवा.
- रिमोट किंवा इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारं उपकरण). नसेल तर कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा सेल्फ टायमर पुरतो.
- पूर्ण चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या आणि रिकामं मेमरी कार्ड.
- ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण. ही ऐच्छिक आहे, पण माझ्या मते ट्रायपॉडखालोखाल हिचाच नंबर लागतो.
- लाल उजेडाची टॉर्च, लेन्स हूड, मऊ सुती कापड आणि कागदी चिकटपट्टी.
- वेळा आणि दिशा लिहिलेला एक कागद. हे सगळं फोनमध्ये असतं हे खरं, पण अंधाराला सरावलेले डोळे फोनच्या पांढऱ्या उजेडाने एका क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. तुमच्याकडे तेवढीच मिनिटं असणार आहेत.

१. धूमकेतू आज कुठे आहे ते आजच बघा

महिन्याभरापूर्वी वाचलेल्या बातमीवर विसंबू नका. नव्याने सापडलेल्या धूमकेतूची कक्षा जसजशी निरीक्षणं वाढतात तसतशी सुधारत जाते. स्टेलेरियमसारखं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातली धूमकेतूंची माहिती आधी अद्ययावत करा, नाहीतर तो नवा धूमकेतू यादीत सापडायचाच नाही. मायनर प्लॅनेट सेंटर (लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणारी संस्था) आणि नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची होरायझन्स ही सेवा, दोन्हीकडून रोजची स्थिती मोफत मिळते. प्रत्यक्षात तो किती तेजस्वी दिसतोय हे मात्र निरीक्षकांनीच सांगावं. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी कॉब्स या संग्रहात रोज जमा होतात, त्या बघा.

कागदावर पाच गोष्टी उतरवा: धूमकेतू उगवण्याची वेळ, सूर्योदयाची वेळ, धूमकेतूचा दिगंश (उत्तरेपासून किती अंशांवर), दर दहा मिनिटांनी त्याची क्षितिजापासूनची उंची, आणि जवळचा एखादा ठळक तारा किंवा ग्रह.

इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली, तक्ते बहुधा जागतिक वेळेत असतात. आपल्या वेळेत आणताना तासच काय, तारीखही बदलू शकते. पहाटेच्या बाबतीत तर हे सहज घडतं. दुसरी फसगत प्रतीच्या, म्हणजे तेज सांगणाऱ्या आकड्याची (आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). धूमकेतू चौथ्या प्रतीचा आहे असं वाचलं की चौथ्या प्रतीच्या ताऱ्यासारखा डोळ्यांना सहज दिसेल असं वाटतं. पण ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो आणि धूमकेतूचा पसरलेला. तोच प्रकाश मोठ्या वर्तुळात वाटला गेला की फिकट दिसणारच. डोळ्यांना काही दिसलं नाही म्हणून सामान आवरू नका. कॅमेऱ्याला तो दिसत असतो.

आणि थांबू नका. पुढच्या आठवड्यात अजून तेजस्वी होईल असं सगळे म्हणत असले तरी पहिली निरभ्र पहाट सोडू नका. २०१३ साली आयसॉन या धूमकेतूकडे सगळे डोळे लावून बसले होते. २८ नोव्हेंबरला तो सूर्याजवळून गेला आणि जाता जाता विखुरला. सी/२०१९ वाय४ (ॲटलास) तर सूर्याजवळ पोहोचण्याआधीच, एप्रिल २०२० मध्ये फुटला.

२. आपली मिनिटं मोजा

सगळ्या तयारीचा पाया हाच आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांपेक्षा खोल असेल तेव्हा आकाश पूर्ण काळं असतं. तो १८ अंशांवर आला की खगोलीय संधिप्रकाश सुरू होतो, पण डोळ्यांना तो कळतही नाही. १२ अंशांवर पूर्वेची कड स्पष्ट निळसर होते. ६ अंशांवर तांबडं फुटलेलं असतं आणि ठळक तारे तेवढे उरतात. माझ्या अनुभवात बेतास बात तेज असलेल्या धूमकेतूचे चांगले फोटो सूर्य ९-१० अंश खाली असेपर्यंतच मिळतात. फारच तेजस्वी असला तर ६ अंशांपर्यंत खेचता येतं.

दुसरी बाजू धूमकेतूच्या उंचीची. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेचा जेवढा थर पार करून येतो, त्याच्या साधारण साडेपाच पट थर क्षितिजापासून १० अंशांवरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला पार करावा लागतो. ५ अंशांवर तो दहा पटींच्या घरात जातो. म्हणून उगवल्या उगवल्या काही मिळत नाही. तो निदान ६-७ अंश वर यावा लागतो.

आता उदाहरण घेऊ. समजा सूर्योदय ६:२० ला आहे आणि धूमकेतू ४:५० ला उगवतो. विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळच्या प्रदेशात ग्रहतारे जवळजवळ सरळ वर चढतात, सुमारे चार मिनिटांना एक अंश. म्हणजे ५:१८ च्या सुमारास धूमकेतू ६-७ अंशांवर येईल. सूर्य १२ अंश खाली असेल तो साधारण ५:३३ ला आणि ९ अंश खाली ५:४६ ला. तुमची वेळ ठरली: ५:१८ ते ५:४६. अठ्ठावीस मिनिटं. कागदावर सगळ्यात वर हीच वेळ मोठ्या अक्षरात लिहा.

उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या वरच्या अक्षांशांवर हे गणित बदलतं. तिथे तारे तिरके चढतात आणि संधिप्रकाशही लांबतो. साधारण ४८.५ अंश अक्षांशाच्या पलीकडे ऐन उन्हाळ्यात आकाश पूर्ण काळं होतच नाही. जुलै २०२० मध्ये नियोवाइज धूमकेतूचे तिकडून आलेले कितीतरी फोटो उजळ निळ्या आकाशातलेच आहेत, आणि ते सुंदर आहेत. तेव्हा काळं आकाश नाही म्हणून हिरमुसून जाऊ नका. फक्त धूमकेतू तेवढा तेजस्वी हवा.

चंद्राचं सोपं आहे. शुक्ल पक्षात अगदी पौर्णिमेच्या जवळचे दिवस सोडले तर पहाटेपूर्वीच चंद्र मावळलेला असतो. कृष्ण पक्षात तो पहाटेच्या आकाशात असतोच, पण अमावास्येच्या आधीची बारीक कोर असेल तर काही बिघडत नाही. उलट ती फोटोत छान दिसते.

३. जागा दिवसाउजेडी बघून या

अंधारात नवी जागा शोधू नका. आदल्या दिवशी उजेडात जा, होकायंत्राने धूमकेतूची दिशा धरा आणि त्या दिशेला क्षितिज कितपत मोकळं आहे ते हाताने मोजा. हात सरळ लांब केला की वळलेली मूठ साधारण १० अंश झाकते, मधली तीन बोटं एकत्र धरली तर ५ अंश, आणि करंगळीचं टोक १ अंश. ज्या टेकडीने माझी पहिली पहाट वाया घालवली ती दिवसा पाहिली तेव्हा तीन बोटांच्या वर थोडी होती, म्हणजे सहा अंशांच्या आसपास. नकाशावर ती किरकोळ वाटली होती. तिच्या मागून धूमकेतू वर येईपर्यंत चांगलं उजाडलं.

वस्तीचा उजेड पाठीशी राहील अशी जागा निवडा. पहाटेचा धूमकेतू पूर्वेकडे असतो, तेव्हा तुम्ही शहराच्या पूर्वेला असलेलं बरं. पाण्याकाठी प्रतिबिंबाचा मोह होतो, पण पहाटे पाण्यावर धुकं उतरतं आणि लेन्सवर दवही लवकर धरतं. निवड करता येत असेल तर जरा उंचावरची जागा घ्या. जागा रात्री खुली असते का, कुणाची परवानगी लागते का, हे आधीच विचारून ठेवा. ट्रायपॉड कुठे उभा करायचा तिथे एक दगड ठेवून या.

जमलं तर सोबत कुणाला तरी घ्या. नाहीच जमलं तर कुठे चाललात आणि कधी परतणार ते घरी सांगून जा.

४. लेन्स निवडताना

धूमकेतूचं शेपूट फोटोत किती लांब येईल हे आधी नक्की सांगता येत नाही. डोळ्यांना दोन अंश दिसणारं शेपूट फोटोत पाच-सहा अंश भरू शकतं. फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स साधारण ४०×२७ अंशांचं आकाश घेते, ८५ मिमी २४×१६ अंशांचं, १३५ मिमी १५×१० आणि २०० मिमी १०×७ अंशांचं. दीडपट क्रॉप सेन्सर, म्हणजे त्याहून दीडपट लहान सेन्सर, असेल तर ५० मिमी साधारण २७×१८ अंश घेते.

एकच लेन्स न्यायची तर मी ८५ मिमी नेईन, क्रॉप सेन्सरवर ५०. जमीन, झाडं, शेपूट सगळं मावतं आणि धूमकेतू ठिपका वाटत नाही. या लेन्स मुळात माणसांचे फोटो काढण्यासाठी बनवलेल्या असतात, म्हणून खूप उघडतात. धूमकेतूचा पहिला फोटोही अशाच लेन्सने मिळाला होता. २७ सप्टेंबर १८५८ ला विल्यम अशरवुड या इंग्लिश छायाचित्रकाराने व्यक्तिचित्रांची लेन्स वापरून सात सेकंदांत डोनाटीचा धूमकेतू टिपला. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जपानच्या हिदेओ निशिमुरा यांनी साधा डिजिटल कॅमेरा आणि २०० मिमी लेन्सने पहाटेच्या आकाशाचे फोटो काढताना नवा धूमकेतूच शोधला. महागड्या दुर्बिणीवाचून काही अडत नाही.

५. कॅमेऱ्याचं सेटिंग घरातच करा

झोपण्याआधी, दिव्याच्या उजेडात, एकदाच:

- मॅन्युअल मोड, रॉ फाइल.
- ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, किंवा कडेचे तारे पंख फुटल्यासारखे दिसत असतील तर जरासं कमी.
- आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १६०० पासून सुरुवात.
- व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. रॉमध्ये नंतर बदलता येतं, पण ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा दिसतो.
- लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर ते चालू राहिलं तर नसलेली थरथर शोधत बसतं आणि फोटो हलवतं.
- लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद. हे चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ स्वतःसाठी घेतो, आणि अठ्ठावीसची चौदा मिनिटं होतात.
- स्क्रीनचा उजेड सर्वांत कमी. अंधारात उजळ स्क्रीनवर फोटो आहे त्यापेक्षा प्रखर भासतो आणि घरी आल्यावर काळा निघतो.
- कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं.

एका फोटोला किती सेकंद द्यायचे? पृथ्वी फिरते, त्यामुळे स्थिर ट्रायपॉडवर तारे ओघळतात. जुना नियम ५०० भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचे मिमी) असा आहे, पण आजच्या सेन्सरवर तो सैल पडतो. मी ३०० घेते. ५० मिमीला ६ सेकंद, ८५ ला साडेतीन, १३५ ला जेमतेम दोन, २०० ला दीड. क्रॉप सेन्सर असेल तर आलेल्या उत्तराला आणखी दीडने भागा. ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू वळवणारं यंत्र) असेल तर १५ ते ३० सेकंद सहज जातात, पण त्याचा अक्ष ध्रुवाशी जुळवायला वेळ लागतो. तो वेळ धूमकेतू उगवण्याआधीचा असला पाहिजे.

६. फोकस

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर रिंग नेऊन ठेवली की झालं असं वाटतं, पण ती खूण बहुतेक लेन्सवर तंतोतंत नसते आणि ऑटोफोकस लेन्सची रिंग तर खुणेच्या पुढेही फिरते.

उगवतीआधी वेळ असताना एखादा ठळक तारा घ्या. तो पूर्वेलाच हवा असं नाही. लाइव्ह व्ह्यू सुरू करून त्या ताऱ्यावर दहापट मोठं करा. फोकस मॅन्युअल करून रिंग अगदी हळू फिरवा. तारा फुगलेल्या गोळ्यातून आकसत टाचणीच्या टोकाएवढा होईल आणि पुढे गेलात की पुन्हा फुगेल. फुगण्याआधीच्या त्या टोकावर परत या. तिथे पोहोचताना ताऱ्याभोवतीची जांभळट किंवा हिरवट कडही नाहीशी होते. ही खूण नजरेत बसवा, ती आकारापेक्षा जास्त भरवशाची आहे. मग एक फोटो काढून त्यातले कोपऱ्यातले तारे मोठे करून बघा.

समाधान झालं की रिंगला कागदी चिकटपट्टी लावा. पट्टी लावतानाही रिंग सरकू शकते, म्हणून लावून झाल्यावर पुन्हा एक फोटो तपासा. झूम लेन्स असेल तर झूमची रिंगही चिकटवा, कारण कॅमेरा वर वळवला की ती आपोआप घसरते. मध्येच गारठा वाढला की फोकस थोडा सरकतो. दहा मिनिटांनी एकदा बघून घेतलेलं बरं.

लेन्सवर दव धरलंय का हेही त्याच वेळी तपासा. समोरून टॉर्च मारण्यापेक्षा फोटोतल्या ताऱ्यांकडे बघा. ठळक ताऱ्यांभोवती धुरकट वलय आलं की दव धरायला लागलं म्हणून समजा. हूड लावलेला असेल तर दव उशिरा धरतं. पुसायचं झालं तर चोळू नका, कापड हलकं टेकवा.

७. धूमकेतू शोधणं

अंधारात नुसत्या नजरेने शोधत बसू नका. कागदावर लिहिलेला ठळक तारा किंवा ग्रह आधी ओळखा. शुक्राची चांदणी पूर्वेला असेल तर फारच सोपं. तिच्यापासून किती मुठी डावीकडे आणि किती बोटं वर हे आदल्या दिवशीच मोजून ठेवलेलं असतं. द्विनेत्रीने तो भाग क्षितिजाला समांतर, सावकाश विंचरा. सूर्योदय जवळ आला की द्विनेत्री खाली ठेवा. पूर्वेलाच बघत असता तेव्हा सूर्याची कड चुकून भिंगात येणं डोळ्यांना कायमची इजा करू शकतं.

द्विनेत्री नसेल तर रुंद लेन्स, आयएसओ ६४०० आणि दहा सेकंद असा एक फोटो काढा. तारे ओघळले तरी चालेल, फक्त जागा सापडायला हवी. फोटोत अस्पष्ट डोकं आणि त्यातून वर गेलेला पुसट फराटा दिसला की तो धूमकेतू. शेपूट नेहमी सूर्यापासून दूर जातं, आणि पहाटे सूर्य क्षितिजाखाली असतो, म्हणून पहाटेच्या धूमकेतूचं शेपूट वर उभं किंवा तिरकं उभं दिसतं. शेंडेनक्षत्र हा आपला जुना शब्द पहाटेच्या धूमकेतूला किती नेमका बसतो ते पहिल्यांदा पाहताना कळतं.

हमखास होणारी चूक विमानाच्या धुराच्या रेषेची आहे. उंचावरून जाणाऱ्या विमानाच्या मागची रेषा उगवतीआधीच्या उन्हाने पेटते आणि हुबेहूब धूमकेतूसारखी दिसते. दोन मिनिटं थांबा. ती सरकते, रुंदावते. धूमकेतू ताऱ्यांबरोबरच राहतो.

८. आता फोटो काढा

कॅमेरा उभा धरा. शेपूट वर जाणार आहे, तेव्हा डोकं चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा आणि वर भरपूर मोकळी जागा सोडा. पहिल्या फोटोचा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) बघा. आकाशाचा उंचवटा डावीकडून साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर हवा. डाव्या भिंतीला चिकटला असेल तर आयएसओ वाढवा, मध्यापलीकडे गेला असेल तर कमी करा.

मग रिमोट लावा आणि एकामागून एक फोटो घेत राहा. चाळीस, साठ, ऐंशी, जेवढे मिळतील तेवढे. एका फोटोत शेपूट दाणेदार आणि तुटक येतं. तेच पन्नास फोटो एकत्र केले की दाणे विरतात आणि शेपटाची बारीक धार वर येते. प्रत्येक फोटोनंतर स्क्रीन बघत बसू नका. दर पाच मिनिटांनी एक नजर पुरे.

धूमकेतूला दोन शेपट्या असू शकतात. धुळीची पिवळसर पांढरी आणि जराशी वळलेली असते. आयनांची, म्हणजे विद्युतभारित वायूची, निळसर आणि सरळ असते, ती सौर वाऱ्याच्या (सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या भारित कणांच्या) जोराने सूर्याच्या थेट उलट दिशेला ताणली जाते. डोक्याभोवतीचा हिरवा रंग द्विअणू कार्बनमुळे येतो. आयनांचं शेपूट फिकट असतं आणि पहिल्या उजेडातच हरवतं, तेव्हा ते हवं असेल तर तुमच्या वेळेतली पहिली दहा मिनिटं सर्वांत मोलाची.

९. तांबडं फुटताना

सूर्य १२ अंशांच्या वर आला की आकाश भराभर उजळतं. हिस्टोग्राम उजवीकडे सरकू लागेल. आधी आयएसओ कमी करत जा: १६०० वरून ८००, मग ४००. एक्सपोजरचे सेकंद नंतर कमी करा. या टप्प्यावर बरेच जण सामान आवरतात, आणि मला वाटतं इथेच ते चुकतात. खाली केशरी, वर गडद निळं आणि मधे झाडांच्या काळ्या आकृतींवर उभा धूमकेतू, हा फोटो फक्त याच दहा मिनिटांत मिळतो. शेपूट आखूड दिसेल, दिसू द्या.

सूर्योदयाला पंधरा मिनिटं उरली की कॅमेरा पूर्वेपासून वळवा. सूर्यबिंब लांब लेन्समध्ये शिरलं तर सेन्सरला धोका आहे, आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून बघत असाल तर डोळ्याला.

१०. झाकण लावून वीस फोटो

निघण्याआधी लेन्सला झाकण लावा आणि त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांचे वीस काळे फोटो घ्या. यांना डार्क फ्रेम म्हणतात. सेन्सरची स्वतःची खरखर यांत उतरते आणि नंतर वजा करता येते. हे तिथेच, त्याच गारव्यात करायचं, घरी येऊन नाही. त्यानंतर कॅमेरा तिथेच पिशवीत घालून बंद करा आणि घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका, नाहीतर उबदार हवेतला दमटपणा थंड काचेवर धरतो.

११. घरी बसून फोटो एकत्र करणं

डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. सगळे फोटो नेहमीप्रमाणे ताऱ्यांवर जुळवून एकत्र केले की धूमकेतू पुसट होतो, आणि नवख्याला वाटतं आपला फोकस चुकला. कारण वेगळं आहे. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असतो. समजा तो दिवसाला ३ अंश सरकतोय. म्हणजे दहा मिनिटांत ७५ विकला (एका अंशात ३६०० विकला असतात). २०० मिमी लेन्स आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एका पिक्सेलमध्ये साधारण ४ विकला मावतात. तेव्हा दहा मिनिटांत धूमकेतू १८ पिक्सेल पुढे गेलेला असतो. ५० मिमीवर तोच फरक चार-पाच पिक्सेलचा होतो, आणि अशा वेळी नुसतं ताऱ्यांवर जुळवलं तरी फारसं बिघडत नाही.

लांब लेन्सवर मात्र डीपस्कायस्टॅकरमध्ये प्रत्येक फोटोतलं धूमकेतूचं डोकं खुणेने दाखवा आणि धूमकेतूवर जुळवण्याचा पर्याय निवडा. सगळ्या फोटोंत एकेक करून दाखवायची गरज नसते. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तर पहिल्या आणि शेवटच्या फोटोवरून मधल्या जागा निघतात. एकत्र करताना सिग्मा क्लिपिंग ठेवा. पहाटे उपग्रहांवर ऊन पडलेलं असतं आणि त्यांच्या रेषा बऱ्याच फोटोंत येतात. एखाद्याच फोटोत असलेली रेषा या पद्धतीने निघून जाते. आकाश उजळल्यानंतरचे फोटो या ढिगात मिसळू नका, ते वेगळे ठेवा.

कॉन्ट्रास्ट वाढवताना हात आवरता घ्या. शेपूट पांढरंफेक झालं की त्यातली पोत गेलीच म्हणून समजा. मूळ रॉ फाइल कधीच पुसू नका.

फक्त फोन असेल तर

फोनला ट्रायपॉड लावा, प्रो किंवा नाइट मोड घ्या, सेल्फ टायमर लावा. डिजिटल झूम करू नका, फोनमध्ये वेगळी झूम लेन्स असेल तर तीही तपासून बघा, कारण बहुधा ती मुख्य लेन्सपेक्षा कमी उजेड घेते. मुख्य लेन्सने दहा सेकंदांपासून सुरुवात करा. द्विनेत्रीत दिसणारा धूमकेतू फोनमध्ये येतो. लहान येतो, पण समोरच्या झाडाटेकड्यांसकट येतो.

पुन्हा जाणार असाल तर

दुसऱ्या दिवशीही नक्की जा. सौर वाऱ्याच्या झोताने आयनांचं शेपूट तुटून निघाल्याचं एप्रिल २००७ मध्ये एंकेच्या धूमकेतूबाबत स्टेरिओ या अंतराळयानाने प्रत्यक्ष टिपलं होतं, आणि असे बदल एका रात्रीतही घडतात. कालचा आणि आजचा फोटो एकाच लेन्सने, एकाच एक्सपोजरने काढलेला असेल तर ते शेजारी ठेवून बघता येतात.

फक्त कालचा कागद घेऊन निघू नका. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, पण धूमकेतू स्वतःही सरकत असतो. सूर्याकडे जात असेल तर रोज उशिरा उगवेल आणि तुमची मिनिटं घटत जातील. सूर्यापासून दूर जात असेल तर वाढतील. आज संध्याकाळी उद्याच्या वेळा नव्याने काढा, आणि त्या वेळेच्या तासभर आधी तिथे पोहोचायचं म्हणून गजर लावा.